पहिल्या होम पार्टीत पाहुण्यांचं लक्ष टिकवायचं कसं?

प्रश्न : मी नुकतीच स्वयंपाकघरातले डबे आणि छोटी अवजारं विकणाऱ्या एका कंपनीची विक्रेती झाले. पाहुण्यांना घरी बोलावून वस्तू दाखवायच्या आणि विकायच्या, अशी माझी पहिली पार्टी येत्या शनिवारी, मैत्रिणीच्या घरी आहे. तिने १२ जणींना बोलावलंय. कंपनीने ४५ मिनिटांचं तयार भाषण दिलंय, ते पाठ करतेय. पण आरशासमोर म्हणून बघितलं तर मलाच कंटाळा आला. दहा मिनिटांत सगळ्या मोबाइल काढतील किंवा आपापसात बोलायला लागतील, अशी धास्ती वाटते. खेळ घ्यावेत का? किती घ्यावेत? आणि कुणी ऐकतच नसेल तर काय करायचं?

उत्तर :

आरशासमोर कंटाळा आला ना, मग त्या कंटाळ्याचं ऐका. भाषण वाईट लिहिलेलं असेल असं नाही, पण घरच्या बैठकीत कुणी कुणाला सलग ४५ मिनिटं ऐकवत नाही. मी हे काम १६ वर्षं करतेय. आधी भांडी विकली, मधे काही वर्षं त्वचेची उत्पादनं, आता पुन्हा स्वयंपाकघरातल्या वस्तू. माल बदलत गेला, पण बैठकीचं गणित तेच राहिलं. तुमच्या पार्टीला येणाऱ्या बायका एकमेकींना भेटायला येतात. कुणाची कुणाशी सहा महिन्यांनी गाठ पडतेय, कुणाला काहीतरी सांगायचंय, कुणाला नुसतं घराबाहेर पडायचंय. तुम्ही भाषण सुरू केलंत की त्या भेटीच्या आड येता, आणि भेटीपुढे भाषण टिकत नाही. तेव्हा गप्पा थांबवायच्या मागे लागू नका. त्या गप्पांत तुमचा डबा कसा शिरेल ते बघा. पुढे जे लिहितेय ते सगळं एवढ्याचसाठी आहे.

माझ्या पहिल्या पार्टीत मी टेबलावर ३० वस्तू ओळीने मांडल्या होत्या. समोर खुर्च्यांच्या दोन रांगा, शाळेच्या वर्गासारख्या. पाठ केलेलं सगळं म्हटलं, एकही वाक्य विसरले नाही. विसाव्या मिनिटाच्या सुमाराला मागच्या दोघी हळूच बोलायला लागल्या. मी आवाज चढवला, तसा त्यांनीही चढवला. यजमानीण मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, तिला मदत करायला म्हणून आणखी दोघी गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज यायला लागला. माझं संपल्यावर मी आत गेले, तर त्या तिघी माझ्याच एका नमुन्याच्या डब्याशी झटापट करत होत्या. उरलेलं भरून ठेवायला यजमानिणीने तो उचलला होता. झाकण एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने उचकटत होतं. एकीने बोटाने कडा दाबून धरली, दुसरीने मधोमध दाबून आतली हवा सोडली, झाकण ‘फस्स’ करून बसलं आणि तिसरीने तो उलटा करून डोक्यावर धरून दाखवला. बाहेर मी जे सांगत होते तेच आत त्या करत होत्या. त्या दिवशी ऑर्डर दिली ती फक्त त्या तिघींनी.

हे कोडं माझ्या कितीतरी आधी सुटलेलं होतं, हे मला पुढे समजलं. अर्ल टपर या संशोधकाने प्लास्टिकचे हवाबंद डबे १९४६ साली अमेरिकेच्या बाजारात आणले. दुकानांत ते नीट खपेनात, कारण ते झाकण बघून कळतच नव्हतं. मधे दाबून हवा सोडली तरच ते घट्ट बसायचं, आणि दुकानातल्या फळीवर ते कोण दाखवणार? ब्राउनी वाइज या बाईंना घरोघरी बैठका घेऊन माल विकायचा अनुभव होता. त्यांनी हे डबे बैठकीत आणले आणि भराभर विकले. भरलेला बंद डबा त्या खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे फेकायच्या. तो सांडायचा नाही, आणि बघणारीला वेगळं काही सांगावं लागायचं नाही. १९५१ साली टपरनी त्यांच्या हाती घरगुती विक्रीचा सगळा विभाग दिला आणि डबे दुकानांतून काढूनच घेतले. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा एक स्त्री झळकली, ती हीच. ही हकीकत मी प्रत्येक नव्या विक्रेतीला सांगते, कारण तिच्यात आपल्या धंद्याचं कारणच दडलेलं आहे. जी वस्तू फळीवर बघून कळते तिला पार्टी लागत नाही. हातात घेतल्याशिवाय जी कळत नाही, तिच्यासाठी आपण आहोत. मग ती हातात न देता नुसतं बोलत राहिलो तर आपण तिथे कशाला?

म्हणून शनिवारी डबा तुम्ही फेकू नका आणि झाकणही तुम्ही लावू नका. ते पाहुणीला लावू द्या. जोआन पेक आणि सुझान शू या दोन संशोधिकांनी २००९ साली दाखवलं की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपली वाटण्याची भावना वाढते. आपल्याला हे प्रयोगाशिवायही दिसतं. पार्टीत एखादीच्या मांडीवर डबा असेल तर ती बोलता बोलता नकळत त्याचं झाकण उघडते, मिटते, पुन्हा उघडते. तिचे हात गुंतले की मोबाइल पिशवीतच राहतो.

आता तयारी. लक्ष टिकतं की नाही याचा अर्धा निकाल पार्टीच्या आधीच लागलेला असतो, आणि तो तुमच्यापेक्षा यजमानिणीच्या हातात असतो. शनिवारच्या दोन-तीन दिवस आधी तिच्यासोबत अर्धा तास बसा. १२ जणींची नावं घ्या आणि प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी विचारा : घरात माणसं किती, आणि स्वयंपाकघरात तिची कटकट कशाची? मैत्रिणीला हे माहीत असतं. एकीकडे फळ्या कमी आहेत, एक रोज डबा घेऊन कामावर जाते, एकीच्या हाताला संधिवात आहे आणि तिला झाकणं उघडत नाहीत. एवढी माहिती हाताशी असली की तुम्ही १२ अनोळखी माणसांपुढे उभ्या नसता.

यजमानिणीला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा : पार्टी चालू असताना तिने स्वयंपाकघरात जायचं नाही. खाण्यापिण्याचं जे काही असेल ते आधी मांडून झाकून ठेवायचं, किंवा अगदी शेवटी काढायचं. यजमानीण उठली की दोघी उठतात, हे मी माझ्या पहिल्याच पार्टीत शिकले. तिची जागा तुमच्या शेजारी नको, पाहुण्यांमध्ये हवी. ती तुमच्या बाजूला बसली तर विकणाऱ्यांच्या गटातली दिसते. तिने पाहुण्यांमध्ये बसून ‘मला हे उघडून दाखव ना’ म्हटलं की ते त्यांच्यातलंच बोलणं होतं.

बसण्याची व्यवस्था गोल किंवा अर्धगोल, आणि दाटीवाटीची ठेवा. खुर्च्या मोजून १२ मांडू नका, आठ मांडा. बोलावलेल्या सगळ्या येत नाहीत आणि रिकाम्या खुर्च्या खोलीचा उत्साह खातात. जास्त आल्या तर आतून खुर्ची आणताना सगळ्या सरकून जागा करतात, आणि त्या सरकण्यातच अनोळखी बायका एकमेकींशी बोलायला लागतात. टीव्ही बंद. लहान मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी दुसऱ्या खोलीत किंवा कोपऱ्यात रंग, कागद, काहीतरी ठेवा. जिचं मूल रडतंय तिचं लक्ष कुठल्याही युक्तीने वेधता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. चौघीच आल्या तर? मग उभं राहून बोलायचंच नाही. सरळ टेबलाभोवती बसा आणि टेबलावर वस्तू ओता. माझ्या काही उत्तम पार्ट्या चौघींच्या झाल्या आहेत.

माल किती न्यायचा? तुमच्या किटमध्ये असेल तो सगळा नेऊ नका. न्यायचाच असेल तर पिशवीत राहू द्या आणि टेबलावर पाच-सहा वस्तू मांडा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या धंद्यात फार सांगितला जातो. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबून बघणारे जास्त होते, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी विकत घेतलं. सहाच प्रकार मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी घेतलं. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी इतका फरक आढळला नाही, म्हणून मी तो नियम म्हणून सांगत नाही. माझं कारण साधं आहे. एक वस्तू बाराजणींच्या हातांतून फिरायला चार-पाच मिनिटं लागतात. सहा वस्तूंचा अर्धा तास झाला. त्यापुढे माणसं बघतात, पण त्यांना दिसत नाही. बाकीच्या वस्तू कॅटलॉगमध्ये आहेतच.

त्या सहा वस्तूंची झाकणं घरी शंभर वेळा लावून बघा. नवी झाकणं ताठर असतात. एखादं झाकण तुमच्याच हाताने बसत नसेल तर तो नमुना नेऊ नका, कारण पाहुणीच्या हातून ते बसणार नाही आणि तिला वाटेल आपलंच चुकलं.

आता शनिवारची पहिली १० मिनिटं. बायका एकेक करून येतात तेव्हा आपण बहुतेकदा सामान लावण्यात मग्न असतो. तसं करू नका. सामान अर्धा तास आधी लावून तयार राहा आणि दारातून येणारीच्या हातात लगेच काहीतरी द्या. कॅटलॉग नको, वस्तू द्या. ‘बसा, आणि जरा बघा हे कसं उघडतं ते, मी आलेच,’ एवढंच म्हणा. दुसरी आली की पहिलीला म्हणा, ‘यांना दाखवता का?’ पार्टी इथेच सुरू होते आणि तुम्ही अजून तोंडही उघडलेलं नसतं. उशिरा येणाऱ्यांसाठी १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. वेळेवर आलेल्यांना ताटकळत ठेवलं की त्यांचं लक्ष आधीच निघून जातं.

मग ओळख. नाव आणि काम सांगायला लावलं की प्रत्येकजण अवघडते. मी नावासोबत एकच प्रश्न विचारते : ‘तुमच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट, जिचा रोज वैताग येतो?’ सुरुवात स्वतःपासून करते, खरीखुरी अडचण सांगते. पहिली-दुसरी जरा संकोचते, तिसरी म्हणते, ‘झाकणं! डबे आहेत वीस, झाकणं मिळतात बारा,’ आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागतात. बोलू द्या. दोन मिनिटं गलका झाला तर झाला. तुम्ही एका कागदावर प्रत्येकीच्या नावासमोर तिचं गाऱ्हाणं लिहून घ्या. सगळ्यांसमोर लिहा, लपवू नका. आपण बोललेलं कुणीतरी लिहून घेतंय, याचं माणसाला बरं वाटतं.

हा कागद हेच तुमचं भाषण. कंपनीच्या मजकुराचा क्रम सोडा आणि या कागदाचा क्रम धरा. ‘मघाशी तुम्ही म्हणालात की फ्रीजमध्ये जागा पुरत नाही. हे घ्या, हे तीन एकमेकांत बसतात का बघा.’ डबे तिच्या हातात गेले. ती बसवत असताना तुम्ही दोन वाक्यांत माहिती सांगा : कशाचे आहेत, गरम चालतं की नाही, हमी कशाची आणि किती. पाठांतराचा उपयोग इथे होतो. भाषणातली वाक्यं विसरा, पण माहिती पक्की पाठ करा. फ्रीझरमध्ये चालतं का, मायक्रोवेव्हमध्ये चालतं का, झाकण तुटलं तर नुसतं झाकण मिळतं का, हे तीन प्रश्न येणारच. उत्तर येत नसेल तर ‘विचारून उद्या कळवते’ म्हणा आणि त्याच कागदावर लिहा. अंदाजाने ‘हो’ म्हणू नका. मायक्रोवेव्हला न चालणारा डबा तुमच्या शब्दावर कुणी आत ठेवला तर डबाही जातो आणि मैत्रीही.

एक प्रसंग सांगते, मग मी काय म्हणतेय ते नीट कळेल. एका बैठकीत वयाने बऱ्याच मोठ्या एक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, सुनेसोबत आलेल्या. ओळखीच्या वेळी ‘मला काही त्रास नाही’ एवढंच म्हणाल्या. मी एक डबा त्यांच्याकडे दिला आणि पुढे दुसरीशी बोलू लागले. बोलताना लक्ष गेलं. त्या झाकणाची कड अंगठ्याने उचलायचा प्रयत्न करत होत्या, अंगठा सरकत होता. दोनदा प्रयत्न केला आणि डबा हळूच मांडीखाली ठेवला. मी बोलणं थांबवलं, कान असलेल्या झाकणाचा दुसरा डबा काढला आणि कुणाचं लक्ष नसल्यासारखं त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी एका बोटाने उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग स्वतःहून शेजारणीकडे वळून म्हणाल्या, ‘हा बघ, हा उघडतो.’ पुढची १० मिनिटं खोलीतल्या सगळ्या त्यांचंच ऐकत होत्या, कारण बोटं दुखतात हे प्रत्येकीच्या घरात कुणाला ना कुणाला लागू होतं. ते दहा मिनिटांचं बोलणं मला कधीच जमलं नसतं.

म्हणजे बोलताना डोळे वस्तूवर नकोत, हातांवर हवेत. कुणाचे हात रिकामे आहेत, कुणाचे थांबलेत, कोण वस्तू पुढे देत नाहीये. जी देत नाहीये तिला ती हवी आहे. जिचे हात रिकामे आहेत ती दोन मिनिटांत मोबाइल काढेल, तिच्याकडे काहीतरी पोचवा. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. नवी विक्रेती प्रश्न विचारते आणि दोन सेकंदांत घाबरून स्वतःच उत्तर देते. मनात पाचपर्यंत मोजा. कुणीतरी बोलतेच.

खेळांबद्दल तुम्ही विचारलंत. घ्या, पण दोनच, आणि वस्तूशी संबंध असलेले. ज्यांत कुणाला उभं राहून काही करून दाखवावं लागतं, वय-वजन किंवा नवऱ्याबद्दल काही सांगावं लागतं, असले खेळ मी वर्षानुवर्षं बघितलेत आणि घेणं बंद केलंय. चौघी हसतात आणि एक लाजून गप्प होते. ती गप्प झालेली पुन्हा कुणाच्या पार्टीला जात नाही. एक खेळ असा : चार डबे बंद करून फिरवा, आत वेगवेगळं काही भरलेलं, आणि हलवून आवाजावरून ओळखायला सांगा. डबा हातात येतो, झाकणाकडे लक्ष जातं, आणि अनोळखी दोघी ‘बटणं असतील’, ‘छे, खडे वाटतात’ करत वाद घालायला लागतात.

दुसरा मी जवळजवळ प्रत्येक पार्टीत घेते. सुरुवातीलाच सांगायचं की जी कुणी वस्तूबद्दल प्रश्न विचारेल तिला एक चिठ्ठी मिळेल. तिने त्यावर नाव लिहून या डब्यात टाकायची, शेवटी एक चिठ्ठी काढू आणि छोटीशी भेट देऊ. पहिले दोन-तीन प्रश्न चिठ्ठीसाठीच विचारलेले असतात, असू देत. चौथ्या-पाचव्यापासून खरे येतात, कारण प्रश्न विचारणं या खोलीत चालतं हे सगळ्यांना कळलेलं असतं. ‘महाग आहे’, ‘टिकतं का’, ‘आधी घेतलेल्याचं झाकण सैल झालं’ हे सगळं मोकळेपणाने बाहेर येतं. अशा प्रश्नालाही चिठ्ठी द्या, बाकीच्यांना देता तितक्याच आनंदाने. मनात राहिलेली शंका घेऊन माणूस घरी जातो. तोंडावर आलेलीचं निदान उत्तर तरी देता येतं.

आणि चित्त विचलित करणाऱ्यांचं काय? दोघी आपापसात बोलत असतील तर आवाज चढवू नका, कमी करा, आणि हातातली वस्तू त्या दोघींच्या मध्ये नेऊन ठेवा. ‘गप्प बसा’ हे शब्दांत किंवा नजरेने म्हणू नका. त्या मैत्रिणीच्या घरी आल्या आहेत. एखादी सगळ्यांची उत्तरं स्वतःच देत असेल तर तिला काम द्या : ऑर्डरचे फॉर्म वाटायला, चिठ्ठ्या सांभाळायला. बहुतेक वेळा तिला कामच हवं असतं. जी ‘हे बाहेर स्वस्तात मिळतं’ म्हणते तिच्याशी वाद घालू नका. ‘हो, मिळतं. तुम्ही वापरलात का? कसा निघाला?’ असं विचारा आणि खरंच ऐका. चांगला निघाला असेल तर ‘मग तो बदलू नका’ म्हणा. मी असं अनेकदा म्हटलंय. त्या बाईने काही घेतलं नाही तरी खोलीतल्या बाकीच्यांनी त्यानंतर माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मोबाइल काढणारीला टोकू नका. तिला फोटो काढायला सांगता आला तर उत्तमच, झाकणं एकत्र रचलेल्या फळीचा वगैरे.

एकूण वेळ : हातात वस्तू देऊन बोलण्याचा भाग ३० मिनिटांच्या वर नेऊ नका. सगळी पार्टी दीड तासात आटोपती ठेवा. लोक रमलेले असतानाच ‘माझं झालं’ म्हणायचं. ‘आणखी एक दाखवते’ हा मोह मला अजूनही होतो आणि दर वेळी त्या एका वस्तूपाशी जांभया सुरू होतात.

यानंतरच्या भागाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. भाषण संपल्यावर ‘कोण कोण घेणार?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस यांनी अशाच घरगुती पार्ट्यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवलं की खरेदी होते की नाही हे पाहुणीचं यजमानिणीशी किती घट्ट नातं आहे यावर फार अवलंबून असतं. म्हणजे आपल्या पार्टीत वस्तू आवडली नाही तरी मैत्रीखातर घेणाऱ्या असतात. हे आपल्या सोयीचं आहे, आणि म्हणूनच जपून वागायला हवं. भिडेपोटी घेतलेला डबा फळीवर तसाच पडून राहतो आणि दिसला की तुमची नाही, यजमानिणीची आठवण करून देतो. तुमच्या मैत्रिणीने आपलं घर तुमच्या हवाली केलंय. तिच्या मैत्रिणी पुढच्या वेळी तिच्याकडे येताना कचरल्या, तर ते नुकसान कुठल्याच ऑर्डरने भरून निघत नाही.

त्यामुळे मी खाणंपिणं सुरू झालं की एका बाजूला बसते आणि एकेकीशी वेगळं बोलते. कागद समोर असतोच. ‘तुमचं झाकणांचं म्हणत होतात, त्याला हे पुरेल. मोठा संच तुम्हाला लागणार नाही.’ पैसे घ्यायच्या आधी परत करण्याचे नियम सांगते. घरी येऊन केलेल्या विक्रीला बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच मन बदलायला मुदत असते. युरोपीय संघात ती १४ दिवसांची आहे, अमेरिकेत असे बहुतेक व्यवहार कामकाजाच्या ३ दिवसांच्या आत रद्द करता येतात. तुमच्याकडे काय नियम आहे आणि कंपनीचा स्वतःचा काय आहे, हे शनिवारच्या आत वाचून ठेवा. हे सांगितल्याने ऑर्डर कमी होतील अशी भीती नव्या मुलींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे : सुटायची वाट दिसली की माणूस निवांत बसतो आणि निवांत माणूस नीट ठरवतो.

आणि भाषण? कंपनीने दिलेला तो मजकूर घरी ठेवा. एका कार्डावर सहा वस्तूंची नावं, प्रत्येकीपुढे माहितीचे दोन-तीन शब्द, आणि खाली वैतागाचा तो एक प्रश्न, एवढं लिहून न्या. हात थरथरत असतील तर त्यांतही एक डबा असू द्या.

घरी परतल्यावर तो गाऱ्हाण्यांचा कागद टाकू नका. माल आला की प्रत्येकीच्या डब्यावर तिचं वाक्य लिहून चिकटवा, ‘झाकणं बारा, डबे वीस’ असं काहीसं, आणि डबे तिच्या हातात तुम्ही स्वतः नेऊन द्या. माझ्या दुसऱ्या पार्टीचं आमंत्रण मला अशाच एका दारात मिळालं होतं, डबा हातातून हातात जात असताना.